हायवेवरची जुनी हाटेलं आणि त्यांचे दिवेवाले बोर्ड: शोधायचे कसे, वय काढायचं कसं, फोटो घ्यायचा कसा

कोकणात रात्री रस्त्याकडेला जे काही लाल-निळं चमकतं त्याला आपण सरसकट निऑन म्हणतो, पण त्यातलं खरं निऑन फार थोडं असतं. जुने बोर्ड साधारण तीन जातीचे. पत्र्यावर ऑइल पेंटने रंगवलेला आणि वरून वाकवलेल्या पाइपला बल्ब लावलेला, ही पहिली जात. दुसरी ग्लो साइन, म्हणजे पत्र्याचं खोकं, आत ट्यूबलाइटी आणि पुढे ॲक्रिलिक. तिसरा खरा काचेच्या नळीचा निऑन, तो माझ्या बघण्यात जास्त करून परमिट रूम, लॉज आणि रातराणी किंवा लक्झरी थांबायच्या त्या हाटेलांवर. भर पावसात रात्री दोन वाजता वळणावरून येणाऱ्या ड्रायव्हरला लांबून दिसलं पाहिजे ना, मग पिवळ्या बल्बवर भागत नाही.

खरा निऑन ओळखायला दिवसा जा. दिवसा बंद असताना नळी काचेची आणि गोल दिसते, वाकवलेल्या जागी किंचित चपटी झालेली असते, आणि दोन अक्षरांच्या मधला जो तुकडा दिसायला नको त्याच्यावर काळा रंग फासलेला असतो. नळी काचेच्या छोट्या खुंट्यांवर बोर्डापासून जरा वर उचललेली असते. हल्ली कॅफेत दिसतो तो एलईडी निऑन, सिलिकॉनची पट्टी पारदर्शक ॲक्रिलिकवर चिकटवलेली, बारा व्होल्टवर चालतो, दिसायला छान पण आपला विषय तो नाही. कान देऊन बघा, जुन्या निऑनच्या ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण येते, रस्ता शांत असेल तर नक्कीच.

रंगावरूनही कळतं. निऑन वायू १८९८ साली लंडनमध्ये रॅमझी आणि ट्रॅव्हर्स यांना सापडला, आणि जॉर्ज क्लॉड या फ्रेंच माणसाने १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याचे दिवे लावून दाखवले. पण हा वायू स्वतः फक्त लालसर नारिंगीच पेटतो. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि सोबत पाऱ्याचा थेंब, आणि हिरवा पिवळा गुलाबी वगैरे पाहिजे तर नळीला आतून पावडरचा लेप किंवा काचच रंगीत. म्हणून बंद नळी स्वच्छ पारदर्शक दिसली तर रात्री ती बहुतेक लाल नाहीतर निळी, आणि दुधी पांढरी दिसली तर आत लेप आहे.

आता शोधायचं कुठे. मुंबई-गोवा हायवेच्या नवीन चौपदरी रस्त्यावर शोधत बसू नका, तिथे रुंदीकरणात पुढची पडवी गेली, पडवीबरोबर बोर्ड गेला, आणि उरलेल्या हाटेलांनी नवा फ्लेक्स लावला. जिथून हायवेने पाठ फिरवली ती गावं बघा. झाराप-पत्रादेवी बायपास झाला आणि गोव्याची गाडी सावंतवाडीत शिरायचीच बंद झाली, त्यामुळे सावंतवाडी ते बांदा हा जुना रस्ता सावकाश चालवत बघण्यासारखा. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून जुना घाट ओसरलाय, तिथली वळणं बघा. कणकवलीत गाड्या पुलावरून जातात तर तुम्ही मुद्दाम खालून जा. हायवे सोडून आंबोलीचा रस्ता, साखरपा-आंबा घाटाचा रस्ता, आणि किनाऱ्याने रेवस-रेड्डी सागरी मार्गावरची जेट्टीजवळची गावं. एसटी स्टँडच्या समोरची बाजू तर कधीच सोडू नका, महामंडळ १९४८ चं, आणि स्टँडसमोरचं हाटेल बरेचदा स्टँडइतकंच जुनं निघतं.

एक मात्र आहे, कोकणातलं वातावरण बोर्डाचं वैरी. खारा वारा पत्रा खातो, पाऊस रंग खातो, त्यात २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात छपरंच उडाली तिथे बोर्डाचं काय घेऊन बसलात, नंतर २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाडला पूर. तेव्हा या दोन गावांत बोर्ड टिकला असला तरी आतले जुने फोटो आणि बिलबुकं टिकली असतील अशी आशा कमी ठेवा.

वय काढणं ही यातली सगळ्यात मजेची गोष्ट, आणि त्यासाठी मालकाला "किती जुनं?" विचारून भागत नाही कारण उत्तर ठरलेलं, "आजोबांच्या वेळचं". बोर्डावरचा पत्ता वाचा. जि. कुलाबा लिहिलं असेल तर तो मजकूर १९८१ च्या आधीचा, त्या वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. तसंच मालवण, कुडाळ किंवा कणकवलीच्या पुढे जि. रत्नागिरी दिसलं तर तेही १९८१ च्या आधीचं, कारण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला (लोक जुनी सवय म्हणून पुढेही तसंच लिहायचे, तेव्हा वर्ष-दोन वर्ष इकडेतिकडे धरा). पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. एनएच १७ म्हणजे मुंबई-गोवा हायवेचा जुना नंबर, २०१० मध्ये नंबर बदलले तेव्हापासून हाच रस्ता एनएच ६६. फोन नंबर तीन-चार आकडी असला तर गावातल्या छोट्या एक्स्चेंजच्या काळातला, दहा आकडी मोबाइल असला तर १९९५ नंतरचा हे नक्की आणि कोकणात म्हणाल तर अजून बराच नंतरचा. चौदा आकडी फूड लायसन्स नंबर दिसला की २०११ नंतर कोणीतरी बोर्डाला हात लावलाय असं समजा, त्या नंबरातला चौथा आणि पाचवा आकडा लायसन्सचं वर्ष सांगतो.

कोल्ड्रिंकचा लोगो हा तर घरचा साक्षीदार. कोपऱ्यात गोल्ड स्पॉट रंगवलेला असेल तर बोर्ड जुनाच, तो ब्रँड आता बंद. थम्स अप १९७७ चा, कोका-कोला देशातून गेली त्या वर्षीचा, मग १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळे पार्लेकडून विकत घेऊन बसली. त्यामुळे एकाच बोर्डावर कोका-कोला आणि थम्स अप शेजारी शेजारी सुखाने नांदताना दिसले तर ९३ नंतरचं काम.

पण मजकूर आणि पत्रा एका वयाचे असतीलच असं नाही, हे लक्षात ठेवा. पेंटर जुन्याच पत्र्यावर नवीन नाव काढायचे. तिरपा उजेड असताना, सकाळी नाहीतर उन्हं उतरताना, बोर्डाच्या बाजूला उभं राहून कडेने बघा, खालच्या अक्षरांचे उंचवटे वर येतात. एका ठिकाणी मला "विश्रांती गृह"च्या खाली "टी हाऊस" असं स्पष्ट दिसलं होतं, आणि मालकालाच ते माहीत नव्हतं. आणि कौलावर १८६५ छापलंय म्हणून हाटेल १८६५ चं असं कृपा करून लिहू नका, ते मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याचं स्थापनेचं साल आहे.

आत गेल्यावर आधी कॅमेरा काढायचा नाही. आधी बसा, काहीतरी मागवा, आंबोळी-उसळ किंवा भजी-चहा, संध्याकाळ असेल तर बांगडा फ्राय, आणि पैसे देताना गल्ल्यावरच्या काकांशी विषय काढा. दक्षिणेकडे गेलात तर "खयसून इलास?" (कुठून आलास?) हा प्रश्न येणारच, त्याला नीट उत्तर द्या, मुंबईत कुठे, मूळ गाव कुठलं, ते सगळं. ते झाल्याशिवाय पुढचं काही मिळत नाही. आणि थेट "जुना बोर्ड" म्हणू नका, काही जणांना वाटतं हा नगरपंचायतीचा नाहीतर हायवेवाल्यांचा माणूस आहे, रुंदीकरणाने लोक पोळलेत. त्यापेक्षा "अक्षर झकास काढलंय हो, पेंटर कोण?" असं विचारा, पेंटरचं नाव निघालं की बाकी आपोआप निघतं. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली पेंटरची बारीक सही असते, 'आर्ट्स' असं काहीतरी, ती वेगळी टिपून ठेवा. गल्ल्यामागच्या भिंतीवर हार घातलेल्या फोटोच्या शेजारी बरेचदा उद्घाटनाचा फोटो असतो आणि मागे बोर्ड कोरा करकरीत दिसतो. मिळालं तर जुनं बिलबुकही बघा, व्हॅटचा नंबर असलेलं बिल २००५ नंतरचं, आणि दारू न विकणाऱ्या हाटेलाचं असेल तर २०१७ च्या आधीचं. परमिट रूममध्ये मात्र फोटो बाहेरूनच, गिऱ्हाईक फ्रेममध्ये घेऊ नका, उगाच भांडण.

फोटोची वेळ म्हणजे सूर्य बुडाल्यावर पंधरा ते पंचवीस मिनिटं, आकाश अजून निळं असतं आणि बोर्ड लागलेला असतो. मालकाला आधीच सांगून ठेवा की आज दिवा जरा लवकर लावा, बिल वाचवायला बरेच जण पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबतात. काळोख झाल्यावर काढलेल्या फोटोत नुसती लाल अक्षरं तरंगतात, खाली हाटेल आहे की स्मशान काही कळत नाही. मोबाइलवर नळीवर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट खाली ओढून उजेड कमी करा, इतका कमी की लाल रंग लालच दिसेल, नाहीतर तो मधोमध पांढरा फटक होतो आणि नंतर कुठल्याही ॲपने परत येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, नळी सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते, म्हणून शटर १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा, जास्त फास्ट ठेवलंत तर पट्टे येतात किंवा अर्धा बोर्ड विझलेला दिसतो. १/२५ ला हात हलतो, मग ट्रायपॉड नाहीतर गाडीचं टप. पाऊस नुकताच पडून गेलेला असेल तर रस्त्यावरचं प्रतिबिंब पण घ्या, पण ट्रकच्या वाटेत उभं राहून नको. आणि दिवसा एक अगदी समोरून, सरळ, कंटाळवाणा फोटो काढाच, अक्षरांचा अभ्यास करायला तोच उपयोगी पडतो.

समजा मालक म्हणाला की बोर्ड बंद पडलाय, बघता का जरा, तर हात लावायचा नाही. निऑनच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट निघतात, घरातलं टेस्टर घेऊन चढायचं ते काम नव्हे. खालून बघून एवढं मात्र सांगता येतं की एका ट्रान्सफॉर्मरवरच्या नळ्या सिरीजमध्ये असतात, त्यामुळे एक फुटली की अख्खी ओळ जाते, म्हणजे सगळा बोर्ड गेला असं नसतं. मीठ आणि ओल बसून वायरींच्या टोकाशी चुरचुर आवाज किंवा ठिणगी दिसत असेल तर तो मेन स्विचवरून बंदच करायला सांगा आणि हे काम येणारा माणूसच बोलवा. निळी किंवा लेपवाली नळी फुटली असेल तर तुकडे हाताने गोळा करू नका, आत पारा असू शकतो. नळी शाबूत असेल तर ती त्याच माणसाकडून काढून घेऊन कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायला सांगा, बिघाड बरेचदा ट्रान्सफॉर्मरचा निघतो आणि तो बदलता येतो.

रंगवलेल्या पत्र्याचं काम सोपं. साध्या साबणाचं पाणी, मऊ फडकं, आधी कोपऱ्यात करून बघायचं की रंग फडक्याला लागतो का, मग लगेच कोरडं पुसायचं. पॉलिश पेपर पुढच्या बाजूला अजिबात नाही. गंज मागून धरतो म्हणून मागच्या बाजूला रेड ऑक्साइड मारून घ्यायचं, बस. "नवीन करून देतो" म्हणणाऱ्यापासून बोर्ड वाचवा. आणि भंगारात चाललेला असेल तर विकत घेऊन पुण्याच्या कॅफेत टांगण्याआधी मालकाच्या घरच्यांना एकदा विचारा, पुष्कळदा मुलगा म्हणतो राहू दे, आतल्या भिंतीला लावतो, आणि तिथे तो पावसापासून वाचतो पण.

जायचं कधी, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बरेच जण बोर्डाची लाइनच तोडून ठेवतात किंवा प्लास्टिक गुंडाळतात. गणपतीच्या आधीचे चार दिवस तर नकोच, गल्ल्यावरच्या माणसाला मान वर करायला वेळ नसतो आणि हायवेवर तुम्हालाही गाडी थांबवायला जागा मिळायची नाही.