नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा वर्ग : शिकवणे आणि तपासणे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी आता बारावी होऊन थेट आलेला नसतो. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कंत्राटावर राबणारा तंत्रज्ञ, ठिबक संचाच्या दुकानात अनेक वर्षे काढलेला फिटर आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही हातात घेतलेली रावेर-यावलकडची गृहिणी एकाच वर्गात बसलेली दिसतात. अशा वर्गासाठी माझे सांगणे एकच आहे: परीक्षेत जे तपासायचे तेच काम पहिल्या आठवड्यापासून वर्गात करून घ्यावे, आणि ते काम शक्यतो विद्यार्थ्याच्या रोजच्या व्यवसायातूनच उचलावे. शिकवणे एका बाजूला आणि परीक्षा दुसऱ्या बाजूला राहिली, की कामावरून थकून आलेला माणूस हजेरीपुरता येतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचतो.

यासाठी पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यावे. सध्या काय काम करता, शिफ्ट कोणती, कामात कुठे अडते आणि हा अभ्यासक्रम नेमका कशासाठी घेतला, एवढेच त्यात असावे. प्रौढ विद्यार्थ्याला ‘हे का शिकायचे’ याचे उत्तर आधी लागते, ही गोष्ट माल्कम नोल्स या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या मांडणीच्या केंद्रस्थानी ठेवली होती, आणि आपल्याकडच्या कोणत्याही सायंकालीन वर्गात तिचा प्रत्यय येतो. ही पाने फाईलला लावून ठेवण्यासाठी नसतात. पुढच्या सत्रभराची उदाहरणे त्यांतूनच निवडावीत.

सूक्ष्म सिंचनाच्या विषयाचे उदाहरण घेऊ, कारण केळीच्या पट्ट्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते जवळचे आहे. ‘ठिबक सिंचनाचे फायदे लिहा’ हा प्रश्न अनुभवी फिटरची परीक्षा घेतच नाही. त्याची परीक्षा फक्त पाठांतराची होते. त्याऐवजी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावरचा किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या शेतातला चालू संच दाखवून सांगावे की तासाला 4 लिटर क्षमतेच्या ड्रिपरने (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीने) 15 मिनिटांत 1 लिटर पाणी द्यायला हवे. तेव्हा लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ड्रिपरच्या नळीच्या, सुरुवातीला सबमेनजवळ (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या नळीजवळ), मध्यावर आणि शेवटच्या टोकाला मोजपात्रे लावून पाणी मोजा, आकडे लिहा आणि कारण सांगा. सगळीकडेच पाणी कमी पडत असेल तर फिल्टर तुंबला आहे का, पंपाचा दाब पुरेसा आहे का, हे फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाबमापक पाहून ठरवावे लागते. फक्त टोकाला कमी असेल तर दाब वाटेत कुठे जातो, म्हणजे लॅटरल फार लांब आहे की कुठे गळती आहे, ते शोधावे लागते. मधलेच दोन-चार ड्रिपर कमी देत असतील तर ते बहुधा क्षाराने किंवा गाळाने चोंदलेले असतात. फिटरला यातले पुष्कळ हाताने माहीत असते, पण आकडा नोंदवून त्यावरून कारण मांडण्याची सवय नसते. उलट नवख्या विद्यार्थ्याला सूत्र येते, पण दाबमापक कुठे बसवलेला असतो ते ठाऊक नसते. दोघांनाही एकाच कामात शिकण्यासारखे काही सापडते, म्हणून असे काम निवडण्यात शिक्षकाने घालवलेला वेळ वाया जात नाही.

या प्रात्यक्षिकाला 20 गुण असतील तर त्यांची वाटणी काम सुरू होण्यापूर्वी फळ्यावर लिहावी: मोजणी आणि नोंद 6, कारणाचे निदान 8, तपासणीचा योग्य क्रम 3, शेतकऱ्याला समजेल असे सांगणे 3. निदानाच्या 8 पैकी पूर्ण गुण कशाला आणि निम्मे कशाला, हेही एकेका वाक्यात सांगावे. निष्कर्ष चुकला, पण आकड्यांवरून केलेला विचार बरोबर होता, तर अर्धे गुण द्यावेत, आणि हे आधीच जाहीर करावे. कमावत्या माणसाला कमी गुणांपेक्षा मनमानीचा राग अधिक येतो, आणि तो रास्त आहे. हिशेबाच्या वर्गात हीच रीत बँक ताळमेळ पत्रकाला, म्हणजे रोकडवही आणि बँकेच्या विवरणातली तफावत जुळवण्याच्या कामाला, लावता येते: डाळ मिलमध्ये काम करणाऱ्याने खरी रोकडवही आणि बँकेचे विवरण आणावे, मात्र मालकाची परवानगी घ्यावी आणि ग्राहकांची नावे व खाते क्रमांक खोडूनच कागद वर्गात आणावेत.

भाषेचा विचार गुण देतानाच करावा लागतो. घरी आणि कामावर अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी बोलणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत स्वतःच्या बोलीत कारण नेमके सांगत असेल तर निदानाचे गुण त्याला पूर्ण मिळावेत. अहवाल प्रमाण मराठीत लिहिणे हे वेगळे कौशल्य आहे; ते शिकवावे, त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत, परंतु त्याची वजावट विषयाच्या ज्ञानातून करू नये.

वेळेच्या बाबतीत राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्याचा हिशेब शिक्षकाने लक्षात ठेवावा. 2023 च्या या आराखड्यात 30 तासांच्या अध्ययनाला 1 श्रेयांक धरला आहे आणि त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही येतो. रात्रपाळी करणाऱ्याकडे किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जाणाऱ्या ताईंकडे हा बाहेरचा वेळ मोकळा सापडत नाही, म्हणून गृहपाठ कामाच्या जागीच होईल असा असावा. चाचण्यांचे वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीला द्यावे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात चाचणी ठेवू नये (लेकीबाळी माहेरी येतात, त्यांना परीक्षेला थांबवणे म्हणजे अनुपस्थिती ओढवून घेणे आहे), आणि प्रत्येक चाचणीला एक पर्यायी दिवस शिफ्टवाल्यांसाठी राखावा.

वयाचा प्रश्न नाजूक असतो. पंचेचाळिशीतल्या भाऊंना वीस वर्षांच्या मुलांसमोर उभे करून उत्तर विचारले आणि ते अडखळले, तर ते पुढच्या तासाला येतीलच याची खात्री नसते. आधी जोडीत चर्चा व्हावी, मग जोडीच्या वतीने उत्तर यावे. जोडीत अनुभवी व्यक्ती काम करते आणि तरुण फक्त पाहतो असे होऊ लागले, की भूमिका बदलाव्यात: तरुणाने हाताने काम करावे आणि अनुभवी विद्यार्थ्याने नोंद लिहावी. बऱ्याच वर्षांनी लेखणी धरणाऱ्यांसाठी पहिली लेखी चाचणी बिनगुणांची ठेवावी. तिने भीती मोडते आणि कोणाला कुठे मदत हवी तेही शिक्षकाला कळते.

तपासलेले काम आठवड्याच्या आत परत द्यावे आणि त्यावर नुसता आकडा नसावा. ‘टोकाचे पाणी मोजले, पण फिल्टरचा दाब पाहिला नाही, पुढच्या वेळी तिथून सुरुवात करा’ असे एक वाक्य पुरते, कारण ते वाचून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर ती गोष्ट करून पाहू शकतो. विद्यापीठाच्या नियमांत बसत असेल तर अंतर्गत मूल्यमापनात एकदा सुधारून देण्याची मुभा ठेवावी. सुधारलेल्या कामासोबत आधी काय चुकले आणि आता काय बदलले हे चार ओळींत लिहून मागावे, आणि त्या चार ओळी वाचूनच नवे गुण द्यावेत.