मीठ, सोडियम आणि क्षार: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पाकिटावरचा आकडा वाचताना होते. ‘सोडियम 800 मिलिग्रॅम’ वाचलं की एक ग्रॅमही मीठ नाही असं वाटतं. पण मिठात वजनाने जेमतेम 40 टक्के सोडियम असतं, बाकी क्लोराइड. म्हणून सोडियमच्या आकड्याला 2.5 ने गुणा: 800 मिलिग्रॅम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आणि तो आकडा 100 ग्रॅममागे आहे की अख्ख्या पाकिटाचा, हेही बघा. घाईत हे हमखास निसटतं.

कमी सोडियमच्या मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं म्हणून ते फेकू नका. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली तरच ओलावतं. त्याआधीच चिकचिक झाली, तर त्यात राहिलेलं मॅग्नेशियम क्लोराइड ओल ओढत असावं. झाकण घट्ट लावा, ओला चमचा घालू नका, लोखंडी डबा टाळा.

आता विद्यार्थ्यांसाठी. मीठ हा क्षार (आम्ल आणि आम्लारी, म्हणजे बेस, यांच्यापासून बनणारा पदार्थ) आहे, पण प्रत्येक क्षार म्हणजे मीठ नव्हे. माझ्या मुलीने हिंदी पुस्तकातून टिपणं काढली आणि सगळा गोंधळ झाला, कारण हिंदीत ‘क्षार’ म्हणजे आपलं अल्क (पाण्यात विरघळणारा आम्लारी), आणि आपल्या क्षाराला तिथे ‘लवण’ म्हणतात. टिपणं काढण्याआधी हे एकदा तपासाच.

‘आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी’ हे पाठ असलं, की क्षाराचं द्रावण उदासीनच (ना आम्ल, ना आम्लारी) असणार असं मुलं लिहून मोकळी होतात. मिठाचं असतं, कारण त्याचं आम्लही तीव्र आणि आम्लारीही तीव्र. नवसागर (अमोनियम क्लोराइड) पाण्यात विरघळवून निळा लिटमस बुडवा, तो तांबूस होईल. त्याचा आम्लारी सौम्य आहे, म्हणून द्रावण आम्लधर्मी. धुण्याच्या सोड्यात तांबडा लिटमस निळा होतो, तिथे आम्ल सौम्य, म्हणून द्रावण आम्लारीधर्मी.

आणि क्षार आहे म्हणून जिभेवर ठेवून पाहू नका. मोरचूदही (कॉपर सल्फेट) क्षारच आहे, आणि पोटात गेल्यास ते विष आहे.