विटलेली गोधडी टाकू नका, आधी हे करून बघा

माळ्यावर किंवा दिवाणाच्या पेटीत एक तरी रंग उडालेली गोधडी प्रत्येकाकडे असतेच (आमच्याकडे वाकळ म्हणतात) आणि दिवाळीची साफसफाई निघाली की पहिली नजर तिच्यावर जाते. पण विटणं वेगळं आणि विरणं वेगळं. खिडकीच्या उजेडासमोर धरा, दोन्ही हातांनी थोडी ताणा, टर्रकन फाटली तर विरली, नाहीतर नुसती विटलीये.

विटलीये म्हणून रंगवायला जाऊ नका. मी गेले होते, रंगाची पुडी आणली, गरम पाण्यात गोधडी बुडवली, सुती ठिगळं झाली गडद निळी आणि पॉलिस्टरची राहिली तशीच फिक्कट, कारण सुती कपड्याचा रंग पॉलिस्टर धरतच नाही. वर पुढचे चार धुणे बाकीचे कपडे निळे 😅

त्यापेक्षा जुनी गोधडी पोटात घालून नवीन शिवायची. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर असते, ती मधोमध कापून दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की जवळपास ९ फूट बाय साडेसात फूट होतं, म्हणजे एका बाजूला एक साडी पुरते, दोन्ही बाजूंना दोन. साड्या वापरलेल्याच घ्या, नवं कापड असेल तर आधी धुवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि आतली गोधडी आटत नाही, मग सगळीकडे फुगे येतात. जमिनीवर खालची साडी ताणून अंथरा, वर गोधडी, त्यावर दुसरी साडी, आणि कच्चे टाके मधून बाहेरच्या दिशेने घाला म्हणजे चुण्या कडेला सरकतात. कडा आत दुमडून शिवा, मग बोटभर अंतराने धावदोरा, कडेकडेने सुरू करून आत आत जायचं. दोरा सुतीच हवा, नायलॉनचा दोरा जुनं कापड कापतो. थर जास्त झाले की सुई जात नाही, बोट फुटतं, अंगुस्तान (शिवताना बोटावर घालायची टोपी) घाला, फुशारक्या नकोत.

विरलेली असेल तर मात्र कापा. कापायच्या आधी जिथे कापायचंय तिथे बोटभर अंतर सोडून मशीनच्या दोन शिलाया मारा आणि मधून कात्री चालवा, तशीच कापली तर सगळे टाके उसवत जातात आणि हातात चिंध्या. चांगला भाग निघाला तर बाळाचं दुपटं (इतकं मऊ नवीन कापड मिळणारच नाही), बाकीचं इस्त्रीखाली, कुत्र्याला, पायपुसण्याला. थंडीत विरजणाचं भांडं गुंडाळायलाही भारी, दही लागतं.

गरम भांडी उचलायला तुकडा करणार असाल तर आधी प्रत्येक ठिगळाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि राख झाली तर सुती, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर, ते गॅसजवळ नको, हाताला चिकटेल.

धुताना मशीनमध्ये घालू नका, ओली झाली की प्रचंड जड होते आणि टाके तुटतात. बादलीत भिजवून पायाने तुडवा, पिळू नका, आणि एका दोरीवर टांगण्यापेक्षा दोन-तीन दोऱ्यांवर पसरा नाहीतर खाटेवर टाका.