ऊसबिलासाठी गट बांधायचाय? मग मागणी एकच ठेवा

गावात दहा जण जमले की पहिल्याच बैठकीला बिल, वीज, पाणंद रस्ता, बिबट्या सगळंच निघतं आणि चहा संपला की मंडळी घरी. आमच्याकडं वाळवा तालुक्यात दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा देवळात बसलो तेव्हा ठरवलं, फक्त कारखान्याकडं थकलेलं ऊसबिल, दुसरा विषय काढायचाच नाही, तेव्हा कुठं माणसं टिकली.

आता मागणी कायद्यात कुठं बसते ते बघा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हे सगळ्यांना पाठ पाहिजे. मग घरोघरी जाऊन वजनपावत्या गोळा करा आणि एका वहीत तारीख, टन, जमा किती, बाकी किती ते उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ज्यानं पावती दिली तो पुढं येतोच. काहीजण "तुम्ही व्हा पुढं" म्हणतील, कारण बिल निघालं तर त्यांनाबी मिळणारच आहे, आणि खरं म्हणजे कारखानावाले आपल्या उसाची तोड लांबवतील ही भीती असते. म्हणून एकट्याच्या नावानं काही देऊ नका, सह्या सगळ्यांच्या एकत्र.

निवेदन पुण्याला साखर आयुक्तांकडं, प्रत जिल्हाधिकारी आणि आमदारांना. आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. आम्ही पहिल्यांदा साहेबांच्या हातात देऊन फोटो काढून आलो, महिन्यानं गेलो तर असलं काही आलंच नाही म्हणाले, लई जिव्हारी लागलं. उत्तर नाही आलं तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, निवेदनावर काय कारवाई झाली ते विचारा. आमदारांना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी गाठा, प्रश्न आधी द्यावा लागतो.

धोरणच बदलायचं तर एका गावानं भागत नाही. चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकरांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या, १३ दुष्काळी तालुके एका मागणीवर आणले, आणि एक परिषद घेऊन थांबले नाहीत. एफआरपीचंबी तसंच, फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं ती हप्त्यात द्यायचा निर्णय काढला, शेतकरी नेते राजू शेट्टी हायकोर्टात गेले, मार्च २०२५ ला तो रद्द झाला. तीन वर्षं लागली.

वही मात्र दसऱ्याआधीच काढा, एकदा कारखान्यांची धुराडी पेटली की सगळे ऊसतोड टोळीच्या मागं पळत असतात, बैठकीला कोण सापडत नाही.