रोलँड कर्कचा 'ब्राइट मोमेंट्स' कसा ऐकावा

तीन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून वाजवणारा माणूस म्हटलं, की लोकांना सर्कस आठवते. लहानपणीच दृष्टी गेलेल्या राहसान रोलँड कर्क या अमेरिकन जॅझ वादकाला हे आयुष्यभर ऐकावं लागलं. म्हणून त्याची ओळख व्हिडिओवरून करून घेऊ नका, आधी नुसतं ऐका. त्यासाठी जून १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'कीस्टोन कॉर्नर' या क्लबात ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम उत्तम.

१. शफल बंद करा. मूळ अल्बम दोन तबकड्यांचा आहे. सगळा एका दमात ऐकायचा हट्ट नको, पण क्रम मोडू नका.

२. सुरुवात 'पेडल अप'ने. पहिल्यांदा ऐकताना कर्ककडे दुर्लक्ष करा, कान बास आणि ड्रम्सवर ठेवा. ठेका अंगात भिनला की पुन्हा लावा आणि आता फुंकवाद्यं ऐका. टेनर सॅक्सोफोन, मँझेलो आणि स्ट्रिच ही तिन्ही वाद्यं एकच माणूस वाजवतोय. (शेवटची दोन म्हणजे सॅक्सोफोनचीच जुनी, आडवळणाची भावंडं.)

३. त्याचा श्वास कुठे तुटतो ते शोधा. बराच वेळ सापडणार नाही. गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच तो नाकाने श्वास आत घेतो. पटत नसेल तर पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून फुंका आणि बुडबुडे थांबू न देता नाकाने श्वास घेऊन पाहा. हा सराव वादकही करतात. बहुतेकांचे बुडबुडे पहिल्याच श्वासाला थांबतात. त्यानंतर कर्कचा तोच तुकडा पुन्हा ऐका.

४. मधलं बोलणं वगळू नका. कर्क नाकाने वाजवायच्या बासरीची ओळख करून देतो, 'ब्राइट मोमेंट्स' म्हणजे काय ते रंगवून सांगतो, आणि लोक त्याला हुंकार देतात. इंग्रजी झरझर जातं, सगळं कळलं नाही तरी चालेल. पण हे गाळलंत तर पुढच्या वादनात लोक इतके का खुलले आहेत ते कळणार नाही. माझ्या मते अल्बमचा जीव इथेच आहे.

५. अल्बममधल्या 'जिटरबग वॉल्ट्झ'च्या आधी जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलरचं १९४२ चं मूळ ध्वनिमुद्रण ऐका. चाल तीन मात्रांची आहे. हाताने दादरा धरलात तरी जमेल. चाल ओळखीची झाली की कर्क ती कुठे लाडाने वाकवतो ते लगेच कळतं. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या 'प्रील्यूड टू अ किस'लाही हाच उपाय. तिथे कसरत जवळजवळ नाहीच, नुसता सूर आहे. सर्कस म्हणणाऱ्यांना मी हाच ट्रॅक ऐकवेन.

६. व्हिडिओ आता बघा. १९७५ मध्ये पक्षाघात झाल्यावर कर्क एका हाताने वाजवत राहिला. १९७७ मध्ये तो गेला. त्या शेवटच्या काळातलं चित्रीकरण मिळालं, तर तेही आधी डोळे मिटून ऐका.