रिचार्ज कमी, फोन पाच वर्षं: खरेदीआधी काय बघायचं

आमच्या लातुरात कुणी रिचार्जचे पन्नास रुपये वाचवले की गावभर सांगतो, आणि दर दोन वर्षांनी दहा-बारा हजारांचा फोन बदलतो तेव्हा गप्प बसतो. त्यामुळे दोन्ही कामं एकत्रच करा.

प्लॅनचं आधी उरकू. पॅकची किंमत भागिले दिवस, बास. 28 दिवसांचा पॅक महिन्याचा नसतो. वर्षात 13 वेळा मारावा लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेट लागत नसेल तर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागा. असे पॅक ठेवणं ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं आणि मुदतही 365 दिवसांपर्यंत वाढवून दिली. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

कंपनी बदलायची असेल तर इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडा, आपला नंबर टाका आणि 1900 वर एसएमएस करा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत. पोर्ट करण्याआधी शेजाऱ्याकडचं नव्या कंपनीचं सिम घालून स्वतःच्या शेतात, विहिरीपाशी रेंज बघा. शिवाजी चौकातली रेंज बघून पोर्ट करणारे नंतर बांधावर चढून फोन लावतात.

आता फोन. इथं मी स्वतः आपटलोय.

औशाकडच्या काकांना मी फोन घेऊन दिला. खोक्यावर ‘ऑक्टा कोअर, 8 जीबी रॅम’. खरिपात काका सोयाबीनमध्ये उभे राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढायला गेले. कॅमेरा उघडला की ॲप बंद, ॲप उघडलं की फोन तापून लटकलेला. तिसऱ्या वेळी मला फोन आला, तोही काकूच्या साध्या मोबाइलवरून. काका एवढंच म्हणाले, “लेकरा, दुकानदारानं फसवलं का तू?”

फसलो मीच होतो. 8 जीबीतली 4 जीबी रॅम खरी, उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली. आणि आठही कोअर, म्हणजे फोनच्या मेंदूचे (प्रोसेसरचे) काम करणारे भाग, छोटे, ए53 जातीचे. हे कोअर वीज वाचवायला असतात, ओझं ओढायला नाही. आठ वासरं जुंपून नांगरट होत नाही; देवणीची एक जोडी लागते. ती जोडी म्हणजे ए76, ए78 असे मोठे कोअर, निदान दोन तरी. ते नसतील तर फोन घेऊ नका, कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असो.

दुकानातल्या डेमो फोनवर सीपीयू-झेड ॲप टाकलं की कोअरची नावं दिसतात. टाकू देत नसतील तर प्रोसेसरचं नाव लिहून घ्या, घरी येऊन शोधा, दुसऱ्या दिवशी जा. फोन कुठं पळून जात नाही. त्याच वेळी नॅनोमीटरचा आकडा बघा, म्हणजे चिपवरचं काम किती बारीक आहे ते. 12 पेक्षा 6 किंवा 4 चा प्रोसेसर सहसा कमी तापतो, आणि तापला की प्रोसेसर मुद्दाम हळू होतो. मे महिन्यात परभणी 43-44 अंशांवर असताना हा फरक हाताला कळतो. स्टोरेज यूएफएस जातीचं, म्हणजे वेगवान हवं. ईएमएमसी ही जुनी, हळू जात; ते भरत आलं की फोन रडायला लागतो.

आणखी एक. प्रोसेसर सहसा झिजत नाही, अपडेट संपतात. चिप बनवणाऱ्याने साथ सोडली की फोन कंपनीचेही हात बांधले जातात, मग एकेक ॲप जुनं अँड्रॉइड नाकारू लागतं. कंपनीच्या साइटवर सुरक्षा अपडेटची वर्षं बघा, आणि ती बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्त दिसतं ते उगीच नाही.

बाकी सोपं आहे. पाचवा हिस्सा स्टोरेज रिकामं ठेवा. गाडीच्या होल्डरवर उन्हात चार्जिंग लावू नका. तीन-एक वर्षांनी बॅटरी उतरली तर बॅटरीच बदला, तीही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. काकांचा दुसरा फोन सध्या दुसऱ्या बॅटरीवर चाललाय.