गरवायला जाताय? मग बाजारातली कोळंबी गरीला लावू नका

खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जाताना आपण बरेच जण फ्रीजरमधली कोळंबी नेतो, गरीला लावतो आणि उरलेली पाण्यात टाकून घरी येतो. हे खरंच बंद करा. कोळंबीला व्हाइट स्पॉट नावाचा व्हायरस होतो, माणसाला त्याने काही होत नाही, खायला बिनधास्त खा, पण कोळंबीच्या तळ्यात शिरला की 3 ते 10 दिवसांत जवळजवळ सगळा माल मरतो आणि मुख्य म्हणजे हा व्हायरस बर्फात मरत नाही. 2016 च्या शेवटापासून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधे लोगन नदीकाठचे 7 फार्म याने बसले, पुढच्या वर्षी मोरेटन बेच्या समुद्रातल्या कोळंबीतही सापडला. बाहेरून आलेली कच्ची कोळंबी कुणीतरी गरीला लावली असेल हा तिथला मोठा संशय, पक्कं सिद्ध नाही झालं.

आता म्हणाल आपल्याकडे तर हा 1994 पासून आहेच, मग काय फरक पडतो? पडतो. खाडीतली कोळंबी, चिंबोऱ्या हा व्हायरस अंगात घेऊन फिरतात, दिसायला एकदम ठणठणीत, पण रोगाने मेलेली कोळंबी पाण्यात पडली की बाकीच्या तिला खातात आणि खाण्यातूनच हा जोरात पसरतो. बाजारातली कोळंबी रोगी असली तर ती पाण्यात टाकून आपण त्यांना आयतं खायला घालतो बघा.

म्हणून गरीला त्याच खाडीतली ताजी चिंगळं (बारीक कोळंबी) लावा. नाही मिळाली तर कोळंबी उकळून घ्या, उकळली की व्हायरस मरतो, मऊ पडते म्हणून दोऱ्याने बांधायची. घरी सोललेली डोकी, सालं पण खाडीत नको, लांब खड्ड्यात पुरा.

काठाला सुस्त तरंगणारी, लालसर पडलेली कोळंबी दिसली तर डोक्याचं कवच काढून उजेडात धरा. आतून पांढरे ठिपके असतील आणि खरवडून जात नसतील तर संशय घ्या. पण ठिपके दुसऱ्या कारणानेही येतात, आणि ठिपके नसले म्हणजे रोग नाही असंही नाही, खात्री लॅबमधे व्हायरस शोधणाऱ्या पीसीआर टेस्टनेच होते. अशी कोळंबी परत पाण्यात टाकू नका, पिशवीत बंद करून बर्फात ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसला कळवा. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा.

आणि जाळं, बादली, बूट धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या खाडीवर नेऊ नका, ओल्या जाळ्यातून पण जातो हा.